बर्फाची १९३६ सालची उंची

स्वालबार्ड हा उत्तर ध्रुवापासून हजार-तेराशे किलोमीटरवरचा नॉर्वेचा द्वीपसमूह. त्याची निम्म्याहून अधिक जमीन बर्फाखाली आहे. १९३६ आणि १९३८ च्या उन्हाळ्यात बर्नहार्ड लुंके या सर्वेक्षकाच्या देखरेखीखाली नौदलाच्या समुद्रविमानातून तिथली छायाचित्रं घेतली गेली. १९२० च्या करारानं बेटांवर नॉर्वेचं सार्वभौमत्व मान्य झालं होतं (त्या करारावर ब्रिटिश अंमलाखालच्या भारताचीही सही आहे), आणि नव्या मुलखाचे धड नकाशे नव्हते. ते हवे होते, म्हणून ही उड्डाणं. हिमनद्या किती झिजल्या हे पुढं कुणी याच फिल्मवरून मोजेल, असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नसेल.

मोजलं गेलं ते २०२२ मध्ये. एमिली गायमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात साडेपाच हजारांच्या आसपास छायाचित्रांवरून १,५९४ हिमनद्यांचे तत्कालीन पृष्ठभाग पुन्हा उभे केले आहेत.

हे शक्य झालं त्याचं श्रेय सॉफ्टवेअरइतकंच जुन्या वैमानिकांच्या शिस्तीला आहे. नकाशासाठी फोटो घेताना प्रत्येक चित्रात आधीच्या चित्राचा मोठा भाग पुन्हा यावा लागतो. एकच सुळका दोन जागांवरून दिसला तरच त्याची उंची काढता येते. मेटाशेप किंवा मिकमॅकसारखं सॉफ्टवेअर शेजारच्या चित्रांतले हजारो समान ठिपके शोधतं आणि प्रत्येक फोटोच्या वेळी कॅमेरा कुठं होता, किती कलला होता, हे सगळ्या चित्रांसाठी एकदमच सोडवतं. पण मुळात चित्रांची व्याप्ती एकमेकांवर चढलेली नसेल, तर कुठलाही संगणक ती आणून देणार नाही.

स्वालबार्डची छायाचित्रं तिरपी आहेत. विमानाच्या बाजूनं घेतल्यामुळं जवळचा कडा बारकाव्यानं दिसतो, दूरची दरी पुसट होत जाते, आणि वर क्षितिज व आकाश येतं. आकाशातले ढगही यंत्राला ‘ठिपके’च वाटतात, म्हणून तो भाग आधी झाकावा लागतो. फिल्मची काळी चौकट झाकायची ती वेगळीच. मात्र चौकटीच्या कडेला असलेल्या बारीक खुणा जपायच्या. फिल्म ऐंशी वर्षांत आक्रसते, स्कॅनरमध्ये ती किंचित तिरकी बसते. कडेच्या खुणा जुळवून प्रत्येक चित्र मूळ भूमितीत परत आणता येतं. साध्या ऑफिस-स्कॅनरनं मात्र फिल्मच्या विकृतीत स्वतःची भर पडते. चुका इथंच शिरतात आणि शेवटच्या चित्रात त्या दिसत नाहीत.

एवढं झाल्यावर संगणकाच्या पडद्यावर डोंगर-दऱ्यांचा देखणा आकार येतो, पण त्याला अजून माप नसतं. तो किलोमीटरभर लांब आहे की दहा, त्याचा उतार खरा की वाकडा, हे ठरवायला जमिनीवरचे ओळखीचे बिंदू लागतात. बर्फ हलतो, म्हणून तो बाद. उघडे खडक, सुळके, समुद्रकिनाऱ्यावरच्या उंचवट्यांचे कोपरे असे आजच्या अचूक मोजणीत सापडणारे आणि १९३६ च्या फोटोतही तसेच ओळखू येणारे बिंदू हाताने निवडावे लागतात. मग जुनी उंची नव्या उंचीतून वजा करायची. खडकावर उत्तर शून्याच्या आसपास आलं, तरच बर्फावरच्या उत्तरावर विश्वास ठेवायचा. माझ्या मते या साऱ्या खटाटोपात सर्वांत प्रामाणिक पायरी हीच.

हिमनदीच्या वरच्या भागात ताजा बर्फ सपाट पांढरा असतो. तिथं यंत्राला धरायला काही सापडत नाही, भोकं पडतात आणि ती आजूबाजूच्या आकड्यांवरून भरावी लागतात. अंदाजाचा भाग तिथं जास्त.

पुढची पायरी मोझॅकची, म्हणजे सगळ्या चित्रांचं मिळून एकच सलग चित्र करण्याची. प्रत्येक चित्रातला कलाचा आणि उंचसखलपणाचा दोष काढून ती जोडायची. कुठल्या तुकड्यासाठी कुठला फोटो घ्यायचा, शिवण कुठून काढायची, सावल्यांची छटा किती सारखी करायची, हे ठरवावं लागतं, आणि शिवण जितकी बेमालूम तितकी दोन तारखांमधली फट झाकली जाते. इथं ती फट लहान नाही. ब्रोसवेलब्रेन ही हिमनदी १९३८ च्या सुमारास अचानक उसळून वीस किलोमीटरपर्यंत पुढं सरकली होती. म्हणून कुठला तुकडा कोणत्या दिवसाचा, याची नोंद मोझॅकसोबत नसेल तर ते भिंतीवर लावायचं चित्र आहे, पुरावा नव्हे.

निष्कर्ष थोडक्यात असा: १९३६ ते २०१० या काळात इथल्या हिमनद्या दरवर्षी सरासरी सुमारे ३५ सेंटिमीटर पातळ झाल्या. उन्हाळ्याचं सरासरी तापमान एका अंशानं वाढलं की बर्फाच्या वार्षिक जमाखर्चात, वितळून होणाऱ्या पाण्याच्या जाडीत मोजल्यास, आणखी २८ सेंटिमीटरची घट पडते. २१०० पर्यंत झिजेचा वेग दुपटीहून अधिक होईल, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. याच द्वीपसमूहात न्यू-ऑलेसुंदला २००८ पासून भारताचं ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र आहे आणि ते चालवणारी राष्ट्रीय संस्था गोव्यात वास्कोला आहे. त्यामुळं हा विषय आपल्याला अगदीच परका नाही.

जुन्या महाविद्यालयांत, नकाशे काढणाऱ्या कार्यालयांत कुणाकडे विमानातून घेतलेले जुने फोटो असतील, तर एक विनंती. स्कॅन करताना चौकट कापू नका. त्या काळच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत घड्याळ, उंची आणि फोटोचा क्रमांक कडेलाच उमटत असे. मागच्या बाजूच्या हस्तलिखित नोंदीही स्कॅन करा, आणि फोटोंची पाकिटं फेकू नका.