मोटर आणि रॅक यांच्यामध्ये

घरी बांधलेल्या सीएनसी प्लाझ्मा टेबलावर सर्वांत कमी विचार करून बसवला जाणारा भाग म्हणजे रिडक्शन. पॉवर सोर्स कोणता, टॉर्च कोणता, कंट्रोलर कोणता यावर महिनोन् महिने खल होतो. मोटरचा शाफ्ट आणि रॅकवर फिरणारा पिनियन यांच्यामध्ये काय असावं, हा प्रश्न मात्र मोटर विकत घेऊन झाल्यावर सुचतो. कापलेली कड सरळ येणार की नागमोडी, भोक गोल येणार की चपटं, हे बऱ्याच अंशी तिथंच ठरतं.

प्लाझ्मा कटिंगचा जन्म अमेरिकेतला. युनियन कार्बाइडच्या लिंडे विभागातल्या रॉबर्ट गेज यांना १९५७ साली त्याचं पेटंट मिळालं. अरुंद नोझलमधून आवळून काढलेला आर्क धातू वितळवतो आणि वायूचा झोत तो रस खाली उडवून देतो. गॅस कटरला दाद न देणारं स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियमही त्यानं कापता येतं. आज साध्या कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणारे इन्व्हर्टर सोर्स छोट्या फॅब्रिकेटरच्या आवाक्यात आले आहेत. पट्टी लावून हातानं कापणाऱ्या कारागिराला पुढं टेबल हवंसं वाटतं, ते गेटची नक्षी, फ्लँज, बेस प्लेट शंभर वेळा एकसारखी यावी म्हणून. त्यासाठी लागणारं नियंत्रण सॉफ्टवेअरही मोफत मिळतं: अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेतल्या कामातून उभं राहिलेलं लिनक्ससीएनसी.

मिलिंगमध्ये कटर धातूत घुसतो, त्याला रेटावं लागतं. प्लाझ्माचा टॉर्च पत्र्याच्या वर तरंगत चालतो, त्याला काहीच रेटायचं नसतं. मग रिडक्शन हवं कशाला? जोरासाठी नाही. मोटरला तिच्या सोयीच्या वेगात फिरवण्यासाठी आणि टॉर्च वाहून नेणाऱ्या गॅन्ट्रीचं ओझं तिला हलकं भासवण्यासाठी.

हिशेब करून पाहू. १ मॉड्युल, २० दात्यांचा पिनियन घेतला तर एका फेऱ्यात गॅन्ट्री ६२.८ मिमी सरकते. स्टेपर मोटरच्या एका फेऱ्यात २०० पूर्ण स्टेप असतात. पिनियन थेट शाफ्टवर बसवला तर एका स्टेपला ०.३१ मिमी सरक झाली. मायक्रोस्टेपिंगनं हा आकडा कागदावर बारीक होतो, पण दोन स्टेपच्या मधल्या जागी मोटरची पकड कमकुवत असते. शिवाय ६ मिमीची प्लेट मिनिटाला दीड मीटरच्या आसपास कापायची तर ही मोटर मिनिटाला जेमतेम २४ फेरे घेते, म्हणजे सेकंदाला सुमारे ८० स्टेप. स्टेपर मोटर थरथरते ती साधारण याच टप्प्यात, आणि ती थरथर कडेवर लाटांसारखी उमटते. मध्ये ३:१ चं रिडक्शन, म्हणजे मोटरच्या तीन फेऱ्यांना पिनियनचा एक, घातलं की तोच वेग २४० स्टेपवर जातो, स्टेपची सरक ०.१ मिमीवर येते आणि कड स्वच्छ निघते.

त्याहून मोठा फायदा जडत्वाचा आहे. गॅन्ट्री २५ किलोची आणि दोन्ही बाजूंना एकेक नेमा २३ मोटर असेल, तर थेट जोडणीत प्रत्येक मोटरला स्वतःच्या रोटरच्या सुमारे पंचवीसपट जडत्व ओढावं लागतं. रिडक्शन जडत्वाला वर्गानं भागतं. ३:१ ला नऊ पटींनी, ५:१ ला पंचवीस पटींनी. म्हणजे ३:१ वर रोटरच्या तिप्पट ओझं उरतं, ५:१ वर जवळपास रोटरइतकंच. प्लाझ्मात हे फार मोलाचं आहे. कोपऱ्यावर मशीन रेंगाळलं की आर्क तिथं जास्त धातू खातो, काप रुंदावतो, आर्कचं व्होल्टेज बदलतं आणि त्यावरच चालणारा टॉर्चची उंची सांभाळणारा कंट्रोल टॉर्च खाली दाबतो. कोपऱ्यातून झटकन वेग घेणारी गॅन्ट्री हाच त्यावर उपाय.

मग १०:१ का नको? कारण पातळ पत्रा थांबत नाही. १ मिमीच्या पत्र्याला मिनिटाला सहा मीटर आणि त्याहूनही जास्त वेग लागतो. मशीनची कमाल चाल दहा मीटर धरली, तर ३:१ वर मोटर मिनिटाला ४७७ फेरे घेते, ५:१ वर ७९६ आणि १०:१ वर १५९२. स्टेपरचा टॉर्क वेगाबरोबर घसरत जातो. दीड हजारावर तो इतका कमी उरतो की स्टेप सुटतात आणि अख्खं शीट वाया जातं. म्हणून या पिनियनला ३:१ ते ५:१ हीच योग्य जागा.

ते मिळवायचं कसं? टाइमिंग बेल्ट आणि २० व ६० दात्यांच्या पुली हा घरी बांधणाऱ्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग. बेल्ट नीट ताणलेला असेल तर त्यात प्ले जवळजवळ नसतो, आणि थोडी थरथर तो स्वतःच पचवतो. प्लॅनेटरी गिअरबॉक्स आटोपशीर, बंदिस्त, धुळीपासून सुरक्षित. पण घेताना बॅकलॅश, म्हणजे दात्यांमधला प्ले, विचारावा. १५ आर्क-मिनिटांचा बॅकलॅश या पिनियनवर ०.०४ मिमी होतो. तेवढा चालतो. तो मोठा असला की गोल भोकाला चारही बाजूंना, जिथं अक्ष दिशा उलटतो तिथं, सपाट डाग पडतात. वर्म गिअर इथं नको: त्याचं प्रमाण बहुधा जास्त असतं आणि बरीच शक्ती घर्षणात जाते. पद्धत कोणतीही असो, पिनियन स्प्रिंगनं रॅकवर दाबलेला हवा. नाहीतर बेल्टनं वाचवलेला प्ले रॅकच्या दात्यांत परत येतो.

निवडीचा क्रम म्हणून उलटा लावावा. आधी आपण कापणार तो सर्वांत पातळ पत्रा, त्यावरून कमाल वेग, मग पिनियन, मग रिडक्शन आणि सगळ्यांत शेवटी मोटर. मशीन अडखळलं की मोठी मोटर आणण्याकडे ओढा असतो, पण मोठ्या मोटरचा रोटरही जड असतो आणि थेट जोडणीतली भरड स्टेप तशीच राहते. दोन पुली आणि एक बेल्ट यांच्यावर केलेला खर्च कापाच्या प्रत्येक कडेवर दिसतो. टेबल बांधायला घेणाऱ्या प्रत्येकानं पहिला हिशेब याच जागेचा करावा.