काकोलूकीयाचा पट

गेल्या मे महिन्यात, नारायण पेठेतील आमच्या जुन्या वाड्याच्या माजघरात, उन्हे उतरेपर्यंत मुलांनी उंबरा ओलांडावयाचा नाही असा वडील मंडळींचा दंडक असल्यामुळे, मी माझ्या भाचवंडांसाठी एक खेळ मांडला होता, आणि त्यात कावळ्याचे सोंग घेण्यास राजी झालेल्या माझ्या नऊ वर्षांच्या भाचीने, समोरच्या कागदावर आपल्या कावळ्याचे नाव लिहिण्यापूर्वीच मला विचारले, "मामा, मी कावळा झाले तर मला रात्री दिसेल का?" माणसांप्रमाणे बोलणाऱ्या, मसलती करणाऱ्या, रुसणाऱ्या आणि सूड घेणाऱ्या प्राण्यांचा खेळ जो कोणी रचू पाहील, त्याला सर्वांत आधी याच प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते, आणि ते उत्तर त्याने कसे दिले यावरच पुढे त्याचा खेळ उभा राहतो किंवा कोसळतो, असे माझे ठाम मत झाले आहे.

ज्या वाचकांना या प्रकारच्या खेळांचा परिचय नसेल त्यांच्यासाठी थोडा खुलासा केला पाहिजे. यांना रोल-प्लेइंग गेम असे म्हणतात आणि तरुण मंडळी त्याचे 'आरपीजी' असे लघुरूप करतात. यात एक जण सूत्रधार होतो. उरलेले चार-पाच जण प्रत्येकी एक सोंग घेतात, आणि त्या सोंगाचे बळ, चापल्य, बुद्धी इत्यादी गुण अंकांनी एका कागदावर मांडलेले असतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळणारा आपण काय करणार ते बोलून दाखवितो, आणि जेथे यश येईल की अपयश हे सांगता येत नाही तेथे फासा टाकून निवाडा होतो. एकाने जिंकावे आणि दुसऱ्याने हरावे असा येथे हेतू नसतो. सर्वांनी मिळून एक कथा घडवावयाची असते. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 साली प्रसिद्ध केलेला 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा या जातीचा छापील स्वरूपातील आद्य खेळ मानला जातो. भारुडाची सोंगे, तळकोकणातील दशावतार, नाशिक-पालघरकडील बोहाड्याचे मुखवटे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना यातील सोंगाचा भाग नवा वाटू नये; फरक इतकाच की बोहाड्यात मुखवट्यामागचे आख्यान परंपरेने ठरून गेलेले असते, आणि येथे ते त्या क्षणी, खेळणाऱ्याच्या तोंडून जन्माला येते.

प्राण्यांनी या खेळात प्रवेश केला तो अवघ्या दोन वर्षांत. रिचर्ड ॲडम्स यांची 'वॉटरशिप डाउन' ही सशांची कादंबरी 1972 साली निघाली होती, आणि तिच्या आधारे डेनिस सस्टेअर व स्कॉट रॉबिन्सन यांनी 1976 साली 'बनीज अँड बरोज' नावाचा खेळ रचला, ज्यात प्रत्येक खेळणारा ससाच होतो. सशाचे जे आठ गुण त्यांनी कागदावर मांडले, त्यांत बळ, वेग आणि बुद्धी यांच्या पंक्तीला घ्राणशक्ती बसविली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. तलवार चालविणाऱ्या वीराला नाकाचे काय काम? परंतु सशाचे अर्धे जग वासाचे असते, आणि वाऱ्याची दिशा कळली नाही तर त्याचे मरण ओढवते. ॲडम्सच्या सशांना चारापर्यंतच मोजता येते, त्यापुढचे सारे 'पुष्कळ'. म्हणजे बिळाच्या तोंडाशी पाच शत्रू आहेत की पन्नास, हे हेराला येऊन सांगताच येत नाही. केवळ एवढ्या एका मर्यादेतून किती भय आणि किती कथा निर्माण होते, याचा विचार वाचकांनीच करावा.

याच वाटेने पुढे गेलेला दुसरा खेळ म्हणजे डेव्हिड पीटरसन यांच्या चित्रकथेवरून ल्यूक क्रेन यांनी 2008 साली सिद्ध केलेला 'माउस गार्ड'. त्यातील पात्रे उंदरांच्या राज्याची रक्षक आहेत. त्यांच्या कागदावर 'निसर्ग' म्हणून एक अंक असतो, आणि पळणे, चढणे, लपणे व अन्न हुडकणे हे उंदराचे स्वाभाविक धर्म त्यात येतात. संकटात या अंकाचा आधार घेता येतो. परंतु तो फार चढला तर ते पात्र इतके उंदीर होते की रक्षकदलात त्याला स्थान उरत नाही, आणि पार घसरला तर ते उंदीरच राहत नाही. उंदीरपण आणि कर्तव्य यांची ही ओढाताण एका अंकात पकडणे हे मोठ्या कारागिराचे काम आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. आपल्या भाषेत 'जात' हा शब्द प्राण्याच्या प्रकारालाही लागतो आणि माणसाच्या जन्मालाही, आणि म्हणूनच या बाबतीत मराठी माणसाने इतरांहून अधिक सावध राहिले पाहिजे. कोल्हा म्हटला की लबाड, गाढव म्हटले की मूर्ख, सिंह म्हटला की जन्मतःच राजा, असे नियम जो लिहील तो मुलांना नकळत हेच शिकवील की शील जन्माबरोबर येते. माझा नियम असा आहे की जातीने शरीर द्यावे आणि शील खेळणाऱ्याने घडवावे. कावळ्याला पंख, चोच, तीक्ष्ण नजर आणि रात्रीचे भय ही जातीची देणगी. तो विश्वासू निघतो की विश्वासघातकी, हे माझ्या भाचीने ठरवावयाचे. आणि हा विचार काही परदेशातून आणावा लागत नाही. पंचतंत्राच्या पहिल्याच तंत्रात करटक आणि दमनक हे दोघेही कोल्हेच आहेत, दोघेही मंत्रिपुत्र, परंतु एक सावधपणाचा सल्ला देतो आणि दुसरा सिंह व बैल यांच्या मैत्रीत विष कालवतो.

पंचतंत्राचे नाव निघालेच आहे तर हेही सांगितले पाहिजे की या ग्रंथाचा पुण्याशी संबंध जुना आहे. मुंबई संस्कृत मालेत 1868 आणि 1869 साली त्याची जी संशोधित आवृत्ती निघाली, तिचे काम ब्यूलर आणि कीलहॉर्न या दोन जर्मन पंडितांनी वाटून घेतले होते. पैकी कीलहॉर्न तेव्हा पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचे अध्यापक होते आणि पहिले तंत्र त्यांच्या हातून सिद्ध झाले. माझ्या खेळासाठी मात्र मी तिसरे तंत्र निवडले, ज्याला काकोलूकीय म्हणतात. वडाच्या झाडावर मेघवर्ण राजाचे कावळे राहतात. अरिमर्दन राजाची घुबडे रोज रात्री येऊन त्यांची कत्तल करतात. आणि मेघवर्ण आपल्या मंत्र्यांना बोलावून मसलत करतो. एक म्हणतो तह करा, दुसरा म्हणतो लढा, तिसरा म्हणतो निघून जा, चौथा म्हणतो ठाण मांडून बसा, पाचवा म्हणतो बलवानाचा आश्रय घ्या. आणि अखेरीस वृद्ध स्थिरजीवी दुटप्पी नीतीचा, द्वैधीभावाचा सल्ला देतो. राजनीतीचे सहा गुण, सहा मंत्री, आणि प्रत्येकाच्या तोंडी एक बाजू! सूत्रधाराने आणखी काय मागावे? पट अगोदरच मांडलेला आहे; फक्त माणसे बसवावयाची आहेत. मंत्र्यांच्या बोलण्याला रंग यावा म्हणून मी मुलांना गो. स. सरदेसाई यांनी संपादिलेल्या पेशवे दप्तराच्या 45 खंडांपैकी एकातील चार पत्रे वाचून दाखविली, आणि मग तासाभरात आमचे कावळे 'जाबसाल', 'बंदोबस्त' आणि 'हुजूर' असे शब्द बिनदिक्कत वापरू लागले.

भाचीच्या प्रश्नाचे उत्तर मी असे दिले: खेळाची एक फेरी दिवसाची, एक रात्रीची. दिवसा कावळ्याने दोन फासे टाकून त्यांतला मोठा अंक धरावयाचा, घुबडाने एकच. रात्री याच्या उलट. वेळेनुसार बळ पालटण्याची ही कल्पना आपल्या गंजिफांतही आहे: सावंतवाडीस ज्या दशावतारी गंजिफा बनतात, त्यांच्या दहा रंगांत आणि 120 पानांत मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह असे अवतार नांदतात, आणि दिवसा डाव मांडला तर रामाचा राजा ज्याच्या हाती तो उतारी करतो, रात्री कृष्णाचा. दुसरा नियम मी ग्रंथातून न घेता नदीकाठावरून घेतला. एका कावळ्यावर संकट आले की त्याच्या ओरडण्याने भोवतालचे सगळे कावळे जमा होतात, हे पुण्यात कोणीही पाहू शकतो. म्हणून खेळात एकाने 'काव' म्हटले की इतर कावळ्यांनी हातचे काम सोडून त्याच्याकडे धावलेच पाहिजे, मग ती हाक खरी असो की खोटी. पहिल्या नियमाविषयी एक खुलासा: वस्तुतः घुबड दिवसा आंधळे नसते, आणि आमच्या वाड्यामागच्या पिंपळाच्या ढोलीतला पिंगळा भर दुपारी डोळे वटारून आमच्याकडे पाहत असतो. परंतु दिवसा ते बाहेर पडले तर कावळे त्याला घेरून हैराण करतात, हे खरे.

अशा निरीक्षणाचा वस्तुपाठ हवा असेल तर तो व्यंकटेश माडगूळकरांकडे आहे. पुण्यात आकाशवाणीची नोकरी करता करता रानावनांत हिंडणाऱ्या या लेखकाने 1982 साली 'सत्तांतर' लिहिले, आणि पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वानरांच्या टोळ्यांतील सत्तेचा झगडा त्यात आहे, आणि नवा नर जुन्याची पिले मारतो हेही त्यांनी लपविलेले नाही. सशांच्या कादंबरीवरून इंग्रजीत खेळ होऊ शकला, तर वानरांच्या या कादंबरीने मराठीत अशा खेळाला प्रेरणा का देऊ नये? पंचतंत्राने आपल्याला प्राण्यांची भाषा दिली आणि माडगूळकरांनी त्यांचे देह दिले. मराठी खेळ रचणाराने दोन्ही हात भरून घ्यावेत.

त्या दुपारी काय झाले ते सांगावयाचे राहिले. मूळ कथेत स्थिरजीवी स्वतःला रक्तबंबाळ करवून, आपल्याच राजाने टाकून दिलेला म्हणून घुबडांकडे जातो. रक्ताक्ष नावाचा एकटाच मंत्री त्याला ठार करा असे सांगतो, राजा ते ऐकत नाही, आणि शेवटी कावळे भर दिवसा घुबडांची गुहा पेटवितात. आमच्याकडे स्थिरजीवी भाची होती आणि अरिमर्दन तिचा बारा वर्षांचा भाऊ. त्याने रक्ताक्षाचे ऐकले. भाचीने वडाकडे तोंड करून 'काव' म्हटले. परंतु फेरी रात्रीची होती, धावून येणाऱ्या कावळ्यांना एकेकच फासा, आणि एकालाही गुहेपर्यंत पोहोचता आले नाही. माजघरात क्षणभर कोणी बोलले नाही. मग मेघवर्ण झालेल्या थोरल्या भाच्याने अगदी हळू आवाजात विचारले, "आता मी काय करू?" पंचतंत्रकार विष्णुशर्म्याच्या मेघवर्ण राजाला हा प्रश्न या ठिकाणी पडलाच नव्हता, आणि तो त्या मुलाला पडावा एवढ्यासाठीच मी खेळ मांडला होता.

ज्यांच्या घरी पंचतंत्राची एखादी प्रत आणि सापशिडीच्या डब्यात दोन फासे असतील, त्यांनी येत्या सुट्टीत तिसरे तंत्र काढून हा डाव एकदा मांडून पाहावा. मात्र खेळ सुरू होण्यापूर्वी कथेचा शेवट मुलांना वाचून दाखवू नये.