खोकल्याची बाटली फेकू नका

गेल्या पौर्णिमेला भोंगवलीच्या विहारात वंदना झाल्यावर आम्ही आयाबायांना एवढंच म्हणालो, लेकरांच्या खोकल्याचं घरात जे औषध असेल ते घेऊन या. बाटल्या आल्या. एकीचं लेबल गळालेलं, एकीची मुदत संपलेली. एक तर थोरल्याला आणलेली, तीच आता धाकटीला चालू होती. आम्ही कुणाला रागावलो नाही. दिवसाची मजुरी बुडवून दवाखान्याच्या रांगेत बसणं सोपं नसतं.

पण २०२५ साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात काय झालं ते आठवा. ‘कोल्ड्रिफ’ हे खोकल्याचं औषध घेतलेली वीसहून जास्त लेकरं दगावली, त्यातली बरीच नागपूरला उपचार चालू असताना. त्या औषधात शंभरात जवळजवळ ४९ भाग डायइथिलीन ग्लायकॉल निघालं, ०.१ भागापेक्षा जास्त चालत नाही. हे कारखान्यात वापरायचं रसायन, चवीला गोड, त्यामुळे लेकरू कुरकुर न करता पितं. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली याच विषाची भेसळ असलेल्या ग्लिसरीनने १४ रुग्ण गेले होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला तो त्यासाठीच.

हे विष किडनी बंद पाडतं. आधी उलट्या, पोटदुखी, सुस्ती. आपण म्हणतो तापामुळे असेल. मग लघवी कमी होते. औषध चालू असताना लेकराची लघवी नेहमीपेक्षा कमी झाली, तर सकाळची वाट पाहू नका. आरोग्य केंद्र गाठा, नाहीतर १०८ ला फोन करा. नुसतं ‘खोकला आहे’ म्हणू नका. कोणतं औषध, किती, कधीपासून, ते सांगा आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासायला हवं का, ते विचारा. वेळेत कळलं तर डायलिसिस करता येतं.

दोन वर्षांखालच्या बाळाला खोकल्या-सर्दीची औषधं देऊच नयेत, पाचखालीही शक्यतो टाळावीत, असं केंद्राच्या आरोग्य खात्याने २०२५ च्या ऑक्टोबरात सांगितलंय. वर्ष उलटलेल्या लेकराला चमचाभर मध चालतो. वर्षाच्या आतल्याला मात्र मधाचं बोटही नको.

एका आजीने विचारलं, रिकामी बाटली कशाला जपायची? आजी, तिच्यावर बॅच नंबर असतो. कोल्ड्रिफचा एसआर-१३ होता, आणि कोणती बाटली वापरू नका हे सरकारने त्या नंबरावरूनच सांगितलं. लेकरू पुरतं बरं होईस्तोवर ती फळीवर असू द्या.