धोका की धास्ती?

सरकारी रुग्णालयातल्या एचआयव्हीच्या एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या ‘आयसीटीसी’त, सुईच्या आधी बोलणं होतं. समोर बसलेला माणूस बहुधा अर्धंच सांगतो. ‘चूक झाली’, ‘संबंध आला’. एवढ्यावरून काउन्सेलरला काहीच ठरवता येत नाही. मग आडपडदा न ठेवता प्रश्न येतात. संबंध योनीमार्गाने की गुदमार्गाने? की प्रवेश झालाच नाही? कंडोम होता का, फाटला का? उघडी जखम होती का? घडून किती तास झाले?

या प्रश्नांचा क्रम विषाणूने घालून दिलेला आहे. एचआयव्ही पसरतो तो रक्त, वीर्य, योनी व गुदमार्गातले स्राव आणि आईचं दूध यांतून. लाळ, घाम किंवा लघवीतून नाही. शरीराबाहेर तो फार तग धरत नाही आणि धडधाकट त्वचा त्याला ओलांडता येत नाही. त्यामुळे मिठी, कपड्यांवरून घासाघीस किंवा एकमेकांचं हस्तमैथुन यातून लागण होत नाही, हाताला वीर्य लागलं तरीही. उघड्या अंगाने जवळीक झाली आणि स्राव योनीमुखाला, गुदद्वाराला किंवा रक्ताळलेल्या जखमेला लागला, तरच काउन्सेलर पुढे विचारतो.

तुलनेला अमेरिकेच्या ‘सीडीसी’ या रोगनियंत्रण संस्थेचे अंदाज आहेत. जोडीदार बाधित, उपचार नाहीत, कंडोमही नाही, अशा दर 10,000 योनीसंबंधांमागे लागणीची शक्यता स्त्रीला साधारण 8 वेळा, पुरुषाला 4 वेळा. गुदसंबंधात स्वीकारणाऱ्याला 138 वेळा. प्रवेशाविना झालेल्या स्पर्शाला या तक्त्यात आकडाच नाही.

तरीही काहींची झोप परतत नाही. अंगावर पुरळ, घशात खवखव, किंचित ताप यांत त्यांना एड्स दिसू लागतो. खरं तर ही लक्षणं साध्या सर्दीतापातही असतात. मनातली अपराधाची टोचणी आणि विषाणू यांची गाठ सोडवणं, हेच इथलं अवघड काम. 1986 साली चेन्नईत भारतातले एचआयव्हीचे पहिले रुग्ण शोधून काढणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन यांनी 1993मध्ये वडिलांच्या नावाने काढलेल्या केंद्रातही चाचणीइतकंच वजन समुपदेशनाला होतं.

धोका खराच असेल, तर मात्र घड्याळ महत्त्वाचं. प्रतिबंधक औषधं 72 तासांच्या आत, जितक्या लवकर तितकी बरी, सुरू करून 28 दिवस घ्यावी लागतात. नुसत्या स्पर्शासाठी ती देत नाहीत. चाचणीलाही ‘विंडो पीरियड’ असतो: लागण झाल्यावर प्रतिपिंडं दिसायला काही आठवडे लागतात, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासतात. पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली, तरी वेगळ्या किटवर खात्री केल्याशिवाय निदान सांगत नाहीत. 2017च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमती आणि गोपनीयता बंधनकारक आहे.

जाण्यापूर्वी काउन्सेलर आणखी एक गोष्ट विचारतो: जननेंद्रियावर फोड, व्रण, चामखीळ? जननेंद्रियांवरची नागीण (हर्पिस), सिफिलिस आणि एचपीव्ही यांना पसरायला प्रवेशाची गरज नसते, त्वचेला त्वचा लागली तरी पुरते. तसं काही असेल, तर चिठ्ठी गुप्तरोगांच्या ‘सुरक्षा क्लिनिक’ची मिळते.