आवाज मेंदूपर्यंत पोचतच नाही

ढोलाचा आवाज कानातून थेट मेंदूत जातो, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात त्याचा प्रवास वाटाण्याएवढ्या, शंखासारख्या वळलेल्या अंतर्कर्णातच संपतो. पुढे जातात ते फक्त विजेचे बारीक संदेश.

हा बदल घडवतात केसपेशी. कानाच्या तोंडाशी दिसणाऱ्या केसांशी त्यांचा काहीही संबंध नाही. एकेका कानात त्या सुमारे १५ हजार. प्रत्येकीच्या माथ्यावर जिन्याच्या पायऱ्यांसारखे चढत्या उंचीचे तंतू असतात आणि बुटक्याचं टोक शेजारच्या उंच तंतूला अतिसूक्ष्म धाग्याने बांधलेलं असतं. आवाजाने आतला द्रव हलला की तंतू झुकतात, धागा ताणला जातो आणि दोरी ओढून दार उघडावं तसं पेशीच्या आवरणातलं छिद्र उघडतं. पोटॅशियमचे आयन आत घुसतात, पेशीचा विद्युतभार बदलतो, तळाशी ग्लुटामेट सुटतं आणि श्रवणतंतू जागा होतो. धागा थेट दार ओढतो, मध्ये कुठलीही रासायनिक साखळी नाही. म्हणूनच हे सारं इतकं झटपट होतं.

इतकी नाजूक रचना मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या स्पीकरसमोर उभी राहते! ‘कान वाजतात, पण सकाळी बरे होतात’ हा समज त्यामुळेच धोक्याचा. वाजणं थांबतं, मेलेली केसपेशी मात्र माणसात पुन्हा उगवत नाही. कोंबडीत उगवते. ८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या जागेची मर्यादा धरली, तर १०० डेसिबलला उरतात जेमतेम पंधरा मिनिटं.

कानातल्यासारखंच दाबाने उघडणारं स्पर्शाचं दार सापडायला मात्र २०१० साल उजाडलं. आर्डेम पटापुटियन यांच्या प्रयोगशाळेत बर्ट्रांड कॉस्ट पेशींना बारीक काचनळीने टोचून त्यांचा विद्युतप्रवाह मोजत. संशयित जनुकं होती ७२. एकेक बंद करत गेले, तेव्हा शेवटच्या जनुकापाशी पेशी गप्प झाली. त्यातून पिएझो१ आणि पाठोपाठ पिएझो२ ही प्रथिनं हाती लागली. २०२१च्या नोबेलमध्ये पटापुटियन यांचा वाटा होता तो याच शोधासाठी.

स्पर्शाची ही यंत्रणा फक्त कातडीपुरती आहे, हाही गैरसमजच. पिएझो२ स्नायूंतला ताणही टिपतं. जन्मतः ते निकामी असलेल्या माणसांना ऊन-गार कळतं. पण डोळे बांधले की स्वतःचा हात कुठे आहे ते सांगता येत नाही, चालताना तोल जातो. पट्टी सोडली, पाय दिसू लागले, की ती पुन्हा चालू लागतात.