मेलेली पेशी आकसत नाही

लाल कांद्याच्या मांसल पाकळीला दोन्ही बाजूंनी पातळ साल असते. आतल्या, खोलगट बाजूची साल चिमट्याने अलगद सुटते, पण ती बिनरंगी. जांभळट रंग असतो तो बाहेरच्या फुगीर बाजूला, आणि ती साल सोलताना हमखास फाटते. ब्लेडने नखाएवढी चौकट कापायची, तिचा कोपरा चिमट्यात धरायचा आणि वर न उचलता जवळजवळ आडवंच ओढायचं. प्रात्यक्षिकाच्या तासाची सुरुवात याच झटापटीत जाते. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. वर्गातली मुलंमुली चाकण, म्हाळुंगे, निघोजे, मोशी, भोसरी अशा गावांतून येतात. काहीजण रात्रपाळी करून थेट वर्गात बसतात. कांदा चाकणच्या बाजारातला. हळव्या कांद्याची आवक सुरू झाली की मी हे प्रात्यक्षिक लावते, कारण गडद रंगाशिवाय यातली खरी गोष्ट दिसत नाही.

स्लाइडवर पाण्याच्या थेंबात ही साल ठेवली, वर कव्हरस्लिप सोडली की लांबट चौकटी दिसतात, काठोकाठ जांभळ्या. हा रंग पेशीच्या मधल्या मोठ्या रिक्तिकेतला. ती इतकी फुगलेली असते की बाकीचं सगळं भित्तिकेला चिकटून बसतं. आता कव्हरस्लिपच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडायचा, 100 मिलिलिटरला 5 ग्रॅम मीठ या प्रमाणातला, आणि समोरच्या कडेला टिपकागद लावायचा. कागद पाणी ओढतो, तसं खारं पाणी सालीखालून सरकत जातं.

थोडा वेळ काहीच होत नाही. मग एखाद्या पेशीच्या कोपऱ्यात रंग सुटतो आणि तिथे पांढरी फट दिसते. दुसऱ्या कोपऱ्यातही तेच. चौकट जागची हलत नाही, आतला जांभळा गोळा मात्र सगळीकडून मागे सरतो, गोलसर होतो. लहान होताना तो अधिक गडदही होतो, याकडे मी मुलांचं मुद्दाम लक्ष वेधते. पाणी बाहेर गेलं आणि रंग आतच राहिला, हे त्या गडदपणावरून कळतं. पुस्तकात याला रसद्रव्याकुंचन म्हणतात. डायफ्रॅम नीट लावला आणि मोठी भिंगं वापरली, तर मागे सरलेल्या प्रद्रव्यपटलापासून, म्हणजे पेशीच्या आतल्या पातळ आवरणापासून, भित्तिकेपर्यंत ताणलेले बारीक धागेही दिसतात. पटल सुटताना पूर्ण सुटत नाही.

मुलांना विचारलं की काय झालं, तर ठरलेलं उत्तर येतं: पेशी मेली. मी साधं पाणी सोडायला सांगते. गोळा फुगतो, कोपरे भरतात, चौकट पुन्हा काठोकाठ जांभळी. मग दुसरी साल उकळत्या पाण्यात बुडवून काढायची आणि तिच्यावर तेच मिठाचं पाणी सोडायचं. काहीच आकसत नाही. पेशी चौकोनीच राहतात, फक्त रंग फिकट होऊन भोवतालच्या पाण्यात उतरतो. मेलेल्या पेशीला मागे सरायला काही उरलेलंच नसतं. तिचं प्रद्रव्यपटल फुटलेलं असतं, त्यामुळे आतबाहेर सगळं सारखंच. मिठाला प्रतिसाद देते ती जिवंत पेशी.

हे पटल जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचं असतं. मेदाच्या रेणूंचे दोन थर आणि त्यांत रुतलेली प्रथिनं. प्राणवायू, कार्बन डायऑक्साइड यांसारखे लहान, प्रभाररहित रेणू मेदातून सरळ जातात. पाणी थोडं तसं जातं, पण बरंचसं ॲक्वापोरिन नावाच्या प्रथिनांच्या वाटेने जातं. पीटर ॲग्री यांनी ती 1992 मध्ये दाखवली आणि त्यासाठी त्यांना 2003 चं नोबेल मिळालं. सोडियम, पोटॅशियम हे प्रभारित आयन मेदातून जाऊच शकत नाहीत. त्यांना वाट लागते, किंवा कोणीतरी उचलून न्यावं लागतं.

पाळी करून येणाऱ्या मुलांना पटलासाठीचा मेम्ब्रेन हा शब्द नवा नसतो. कारखान्यातल्या पेंट शॉपला क्षारमुक्त पाणी लागतं, त्यामुळे आरओ प्लँट त्यांनी पाहिलेला असतो; दाब वाढला की मेम्ब्रेन चोक झालं, हेही ठाऊक असतं. तिथून बोलणं सोपं जातं. आरओचं मेम्ब्रेन स्वतः काही करत नाही, जोर सगळा बाहेरच्या पंपाचा. पेशीचे पंप पटलातच बसवलेले असतात. आपल्या पेशींतला सोडियम-पोटॅशियम पंप येन्स स्को यांनी 1957 मध्ये दाखवला. एटीपीचा एक रेणू खर्चून तो तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. त्यामुळे पेशीत पोटॅशियम रक्तद्रवाच्या सुमारे तीसपट असतं आणि सोडियम बाहेर आतल्यापेक्षा कितीतरी जास्त. आपण स्वस्थ बसलेलो असतानाही शरीराच्या ऊर्जेचा मोठा वाटा हा फरक टिकवण्यात जातो. तो टिकला नाही, तर नसेतून संदेश जात नाही आणि हृदयाचा ठोका पडत नाही.

आता पिंपरी. इथे वाढलेल्या मुलांना एच. ए. म्हणजे मैदान आणि कॉलनी. तिथे काय बनायचं, हे विचारलं तर पुष्कळदा उत्तर येत नाही, आणि मला ते लागतं. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, म्हणजेच एच. ए., 1954 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने उभी राहिली आणि 1955 मध्ये तिथे पेनिसिलीन बनू लागलं. कांद्याची साल पाहून झाली की मी याच कारखान्याकडे वळते, कारण तिथली तीन औषधं या एकाच पटलाच्या गोष्टीत बसतात.

पहिलं पेनिसिलीन. पेनिसिलियम बुरशी ते आपल्या पेशीत बनवते आणि बाहेरच्या द्रवात सोडते. म्हणून टाकीतली बुरशी गाळून फेकायची आणि औषध गाळलेल्या द्रवातून काढायचं. ते जिवाणूला कसं मारतं, हे कांदा पाहिलेल्याला लवकर समजतं. जिवाणूच्या आत क्षार, अमिनो आम्लं, शर्करा दाटलेल्या असतात, त्यामुळे पाणी सतत आत येऊ पाहतं. स्टॅफिलोकॉकससारख्या जिवाणूत आतला दाब 20 वातावरणांच्या आसपास जातो. तो पेलते भित्तिका. वाढत्या जिवाणूला ती सतत उसवून पुन्हा विणावी लागते आणि पेनिसिलीन हे विणणंच थांबवतं. भित्तिका कमकुवत होते, पाणी आत येतच राहतं, आणि जिवाणू फुटतो. शेवटचा घाव परासरणाचा, म्हणजे पटलातून आत शिरणाऱ्या पाण्याचा. आपल्या पेशींना भित्तिकाच नाही, म्हणून ही जागा आपल्यात दुखावण्यासारखी नाही.

दुसरं हॅमायसिन. एच. ए.च्या प्रयोगशाळेत एम. जे. तिरुमलाचार हे कवकशास्त्रज्ञ होते. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना या जिवाणूपासून बुरशीवरचं हे औषध मिळवलं आणि 1961 मध्ये ते जगापुढे आलं. जिवाणूच्या नावात पिंपरी, औषधाच्या नावात हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची आद्याक्षरं. बुरशीच्या पटलात एर्गोस्टेरॉल असतं, आपल्यात त्या जागी कोलेस्टेरॉल. हॅमायसिनच्या जातीची औषधं एर्गोस्टेरॉलला धरतात. पटल गळू लागतं, पोटॅशियम बाहेर पाझरतं, आणि पंपांनी जमवलेला फरक संपतो.

याच कुळातलं ॲम्फोटेरिसिन बी 2021 मध्ये महाराष्ट्राला चांगलंच माहीत झालं. कोविडमधून उठलेल्या रुग्णांना म्युकरमायकोसिस होऊ लागला आणि त्या इंजेक्शनसाठी नातेवाईक गावोगाव फिरले. ते मूत्रपिंडाला का झेपत नाही, याचंही कारण पटलातच आहे: कोलेस्टेरॉल एर्गोस्टेरॉलपेक्षा वेगळं असलं तरी फार वेगळं नाही. आणि ही औषधं पटलाला भोकं पाडून मारतात, हे बरीच वर्षं शिकवलं गेलेलं, मीही शिकवलेलं स्पष्टीकरण आता अपुरं ठरलं आहे. इलिनॉयमध्ये मार्टिन बर्क यांच्या गटाने 2012 ते 2014 या काळात दाखवलं की ॲम्फोटेरिसिनचे रेणू पटलाच्या बाहेर गठ्ठ्याने जमून एर्गोस्टेरॉल शोषून काढतात. यीस्ट मारायला मुख्यतः तेवढंच पुरतं, भोकं ही जोडीची गोष्ट.

तिसऱ्या औषधाचं नाव अँटिअमीबिन, आणि मला तेच सगळ्यांत विलक्षण वाटतं. तेही तिरुमलाचार यांच्याच कामातून आलेलं, 1968 सालचं. एमेरिसेलॉप्सिस पूनेन्सिस नावाच्या बुरशीतलं. नावात पुणं आहेच. 16 अमिनो आम्लांची ही छोटी साखळी अमिबाला मारते, पण तांबड्या रक्तपेशींना सहसा फोडत नाही. पटलातून आयन पलीकडे नेण्याची ताकद तिच्यात आहे, मग ती ते कसं करते? 1998 मध्ये तिची स्फटिकरचना दोन गटांनी मांडली. इझाबेला कार्ल आणि बंगळूरचे पी. बलराम यांच्या गटाने तिच्याकडे वाट तयार करणारी साखळी म्हणून पाहिलं. बी. ए. वॉलेस यांच्या गटाला ती आयन धरून पलीकडे सोडणारी वाहक वाटली. त्याच वर्षीच्या प्रयोगांत दोन्ही निघालं: अँटिअमीबिन वाहक म्हणूनही वागू शकतं, आणि अनेक रेणू एकत्र आले की पटलात वाटही उघडतं.