स्ट्रॉबेरी महाबळेश्वरची, रोप कुणाचं?

डिसेंबर-जानेवारीत एखाद्या पहाटे वेण्णा तलावाच्या काठी गाड्यांच्या टपांवर दवबिंदू गोठतात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत महाबळेश्वर गोठल्याचा फोटो झळकतो. पर्यटक खूश, हॉटेलवाले त्याहून खूश. त्याच सकाळी लिंगमळ्याच्या खोलगट शिवारात शेतकरी वाफ्यापाशी उकिडवा बसून फुलं उलटी-सुलटी करून बघत असतो. पाकळ्या पांढऱ्याशुभ्र दिसतात, पण मधला पिवळा गड्डा काळा पडलेला असेल तर त्या फुलाला फळ धरत नाही. एक-दोन तोडे गेले म्हणून समजायचे. थंडी होती म्हणून हे पीक इथे रुजलं, पण थंडीचा नेम एखादी रात्र जरी चुकला तरी तीच नुकसान करते.

महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारावर स्ट्रॉबेरी आणली इंग्रजांनी. उन्हाळ्यात मुंबईहून वर येणाऱ्या साहेबांच्या बंगल्यांभोवतीचं ते हौशी फळ होतं. बंगल्याच्या बागेतून ते मेटगुताड, गुरेघर, भिलार, खिंगर, राजपुरीच्या शेतांत उतरलं. आज देशातल्या स्ट्रॉबेरीपैकी सुमारे 85 टक्के याच पट्ट्यातून येते, असं सर्रास सांगितलं जातं. 2010 साली ‘महाबळेश्वर स्ट्रॉबेरी’ला भौगोलिक मानांकन मिळालं. भिलारला तर दोन ओळखी आहेत. ते स्ट्रॉबेरीचं गाव होतंच, 4 मे 2017 पासून ते पुस्तकांचं गावही झालं.

हे पीक इथे टिकलं त्याचं श्रेय हवामानाइतकंच जॅमला द्यायला हवं. पाचगणीत 1959 साली सुरू झालेल्या मॅप्रोने आणि पुढे आलेल्या इतर कारखान्यांनी बारका, वाकडा, जास्त पिकलेला माल उचलला. देखणं फळ पनेटमध्ये घालून मुंबई-पुण्याला जायचं, उरलेलं देठ काढून कंपनीला. मार्चनंतर ऊन तापलं, फळ बारीक झालं आणि बाजारात भाव पडला की कंपनीचा दर कितीही कमी वाटला तरी तोच आधार. नाजूक फळाच्या धंद्यात असा दुसरा दरवाजा नसेल तर पहिल्या दरवाजावरचा व्यापारी म्हणेल तो भाव.

तोडणी बघितली की हे फळ किती नाजूक आहे ते कळतं. ऊन चढायच्या आत बायका सऱ्यांमध्ये उतरतात. फळाच्या लाल अंगाला बोट लावायचं नाही, अंगठ्याच्या नखाने देठ खुडायचा, थोडा देठ फळाला ठेवायचा आणि दोन-चारच फळं तळहातावर घ्यायची. पनेट भरताना देखणी बाजू वर. आंबा किंवा केळं कच्चं उतरवून आढीत पिकवता येतं, स्ट्रॉबेरीला ती सोय नाही. झाडावरून निघाली त्या क्षणी तिची गोडी ठरली. नंतर रंग थोडा गडद होईल, गोडी वाढणार नाही. म्हणजे पूर्ण पिकू द्यावी तर रस्त्यात मऊ पडते, आणि अर्धवट लाल तोडावी तर शहरातलं गिऱ्हाईक ती आंबट म्हणून नाक मुरडतं. शीतगृहाच्या साखळीविना प्रवास होत असेल तर पसरणी घाट उतरून वाशीच्या मार्केटला पोहोचेपर्यंतच तिचं निम्मं आयुष्य संपलेलं असतं.

म्हणूनच इथल्या शेतकऱ्याने सोपा रस्ता धरला आणि शेताच्या कडेलाच दुकान मांडलं. गाडी थांबते, माणसं उतरतात, मुलं वाफ्यात फोटो काढतात, क्रीम घातलेला ग्लास हातात येतो. वाहतूक नाही, अडत नाही, रोख पैसा. पण सगळी भिस्त गिऱ्हाइकाच्या येण्यावर ठेवली की काय होतं ते 2020च्या मार्चअखेरीस दिसलं. टाळेबंदी लागली तेव्हा हंगाम अजून चालू होता. घाट रिकामे, बाजार बंद. साताऱ्यातल्या शेतकऱ्यांनी स्ट्रॉबेरी गाईंपुढे टाकल्याच्या बातम्या परदेशापर्यंत गेल्या.

आता या सगळ्याच्या अगोदरची गोष्ट, जी रस्त्याकडेला ग्लास घेऊन उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही. मानांकन महाबळेश्वरचं असलं तरी झाड महाबळेश्वरचं नाही. स्वीट चार्ली आणि विंटर डॉन या जाती फ्लोरिडा विद्यापीठाच्या, तर कॅमारोसा, चँडलर, सेल्वा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या. फ्लोरिडातही फळ हिवाळ्यातच, साधारण डिसेंबर ते मार्च घेतात. तिथल्या आखूड दिवसांत आणि सौम्य थंडीत फुलणारी जात आपल्याकडेही जुळते, यात नवल नाही.

दर वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी कॅलिफोर्निया, इटली वगैरे ठिकाणांहून शीतगृहात झोपवलेली मातृरोपं येतात. शेतकऱ्यांच्या तोंडी त्यांचं नाव नुसतं ‘मदर’. महाबळेश्वरात वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यात रोपवाटिका तगणं अवघड, म्हणून मदर वाईच्या बाजूला उतरवतात, जिथे पाऊस बराच कमी. दिवस मोठे आणि हवा उबदार असली की स्ट्रॉबेरी फुलण्याऐवजी जमिनीवर दोऱ्या सोडत पळते. त्या दोऱ्यांवर, म्हणजे रनरवर, नवी रोपं धरतात. पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरात ती वर आणायची, गादी वाफ्यावर मल्चिंग पेपर अंथरायचा, भोकं पाडून लावायची, खाली ठिबक. एकरी वीस-पंचवीस हजार रोपं. दिवाळीचा फराळ होईपर्यंत पहिली फुलं डोकावू लागतात.

मग इथेच वाढलेल्या रोपापासून पुढच्या वर्षीची मदर का करत नाहीत? करतात काही जण, आणि त्याची किंमतही मोजतात. स्ट्रॉबेरी बियांनी नाही, रनरने वाढते. त्यामुळे आईच्या अंगात जे शिरलं ते जसंच्या तसं पोरांत उतरतं. मावा विषाणू पसरवतो, पावसात करपा आणि मूळकूज मातीतून चढते. पिढीगणिक झाड खुजं होतं, फळ बारीक होतं. ताजी, रोगमुक्त मदर ही म्हणूनच चैन नाही. पण ती येते आयातीचा परवाना, रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र, विलगीकरणाचे नियम, विमानभाडं आणि डॉलरचा भाव एवढं सगळं पार करून. यातली एक कडी अडली तर लागवड लांबते, आणि लागवड लांबली की नोव्हेंबर-डिसेंबरचा चढा भाव हातचा जातो. अवकाळी पाऊस आणि मजुरी यांवर बोलणारे खूप आहेत, ते दोन्ही खरेच. पण माझ्या मते या धंद्याची सगळ्यात कच्ची बाजू ही आहे, आणि तिच्यावर सगळ्यात कमी बोललं जातं.

मौज अशी की हीच बाजू सगळ्यात मोठी संधीही आहे. गेल्या काही वर्षांत स्ट्रॉबेरीने बरीच नवी शिवारं गाठली. नाशिक जिल्ह्यात सुरगाणा-कळवणच्या आदिवासी पट्ट्यात सापुताऱ्याच्या वाटेवर थंडीत स्ट्रॉबेरीच्या टोपल्या दिसतात. सातपुड्यात अक्कलकुवा तालुक्यातल्या डाबला ती पिकते. बुंदेलखंडातल्या झाशीत 2021च्या जानेवारीत स्ट्रॉबेरी महोत्सव भरला आणि पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचं कौतुक केलं. महाबळेश्वरात यावर दोन प्रतिक्रिया ऐकू येतात: ‘आपल्यासारखी चव त्यांना येणार नाही’ आणि ‘आता भाव पडणार’. पण यातल्या अनेकांची रोपं आली कुठून? महाबळेश्वर-वाईच्याच रोपवाटिकांतून. प्रतिस्पर्धी म्हणून ज्यांचा धसका घेतला, ते मुळात आपले गिऱ्हाईक आहेत.

फळ एकीकडे आणि रोप दुसरीकडे, ही जगाची रीतच आहे. फ्लोरिडाचा शेतकरी रोपं कॅनडातून आणि उत्तर कॅलिफोर्नियातून आणतो. स्पेनच्या वेल्वा प्रांतात युरोपची स्ट्रॉबेरी पिकते, पण तिची रोपं तयार होतात सेगोव्हिया-आविलाच्या उंच, थंड पठारांवर. लागवडीपूर्वी रोपाने थंडी खाल्लेली असली की ते लवकर आणि जोमाने फुलतं. आपल्याला ती थंडी हिमाचलमध्ये मिळू शकते. ऊतिसंवर्धनाने तयार केलेलं विषाणूमुक्त मूळ रोप, हिमाचलच्या उंचीवर पहिली वाढ, वाईत गुणन आणि मग देशभर विक्री, अशी साखळी उभी राहिली तर महाबळेश्वरला नाशिक-झाशीची धास्ती उरणार नाही. त्यांची लागवड वाढेल तितका इथला धंदा वाढेल. रोप फळासारखं चार दिवसांत सडत नाही, हाही फायदा लहान नाही.

अडचणी आहेतच. परदेशी वाणांवर पैदासकारांचे हक्क असतात. आपला 2001चा वाण संरक्षण कायदा शेतकऱ्याला स्वतःचं बी-रोप राखायला, देवाणघेवाण करायला मुभा देतो, पण नोंदणी झालेल्या वाणाचं रोप ब्रँड लावून विकू देत नाही. म्हणजे मोठा धंदा करायचा तर एक तर रीतसर परवाना हवा, नाही तर स्वतःचा वाण हवा. स्वतःचा वाण ही दहा-पंधरा वर्षांची तपश्चर्या. ती अशक्य मानायचं कारण नाही. जिथे गहू हे मुख्य पीक नाही त्या महाबळेश्वरात गव्हावरच्या तांबेऱ्याचं संशोधन केंद्र राहुरीच्या कृषी विद्यापीठाने इतकी वर्षं चालवलं आहेच, कारण त्या बुरशीला इथली हवा मानवते. तेवढी चिकाटी जे पीक इथे घरोघर आहे त्याच्या वाट्याला यावी, एवढंच मागणं.

दुसरी अडचण जागेची. 17 जानेवारी 2001च्या अधिसूचनेने महाबळेश्वर-पाचगणी हा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील प्रदेश ठरला. बांधकामावर बंधनं आली आणि ती यायलाच हवी होती. हॉटेलांनी डोंगर पोखरला असता तर स्ट्रॉबेरीला लागणारं पाणी आणि गारवा दोन्ही गेले असते. त्यामुळे मोठी शीतगृहं आणि रोपगृहं वाईकडे नेणंच शहाणपणाचं.

मधमाश्यांचा विषय जाता जाता. स्ट्रॉबेरीच्या एका फुलात शेकडो स्त्रीकेसर असतात, जेवढ्यांना पराग मिळेल तेवढाच त्या बाजूचा गर फुगतो. वाकडं, खड्डा पडलेलं फळ बहुतेकदा माशी पोहोचली नाही याची खूण असते. याच तालुक्यातलं मांघर 16 मे 2022 रोजी देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. तरी मधपेटी आणि वाफा एका शिवारात मुद्दाम नांदवण्याची रीत अजून पडायची आहे. भर सकाळी, माशी फुलावर असताना फवारणारा पंप थांबला तरी सुरुवात होईल. फवारा कमी झाला की फळातले औषधांचे अंशही घटतात, आणि सालीसकट खायच्या फळात ते महत्त्वाचं.

मदरच्या बागेसाठी पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न राहतो. माझी सूचना साधी आहे. महाबळेश्वर-पाचगणीच्या नाक्यांवर पर्यटकांकडून कर घेतला जातो. त्यातले माणशी एक-दोन रुपये विषाणूमुक्त रोपांच्या सहकारी बागेसाठी बाजूला काढावेत आणि त्याचा हिशेब दर वर्षी नाक्यावरच्या फलकावर लावावा. पावती फाडताना एखादा कुरकुरेलही, पण पुढच्याच वळणावर तो ग्लासातल्या क्रीमसाठी त्याच्या कित्येक पट पैसे हसत मोजणार आहे.